सत्तावन्न सालचा सूर आणि आपले कान

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मंडळींच्या घोळक्यात दहा मिनिटे उभे राहा. एक शब्द हमखास कानावर पडेल : विंटेज. पिकअप विंटेज हवा, त्यातले चुंबक विंटेज हवे, तार विंटेज हवी, तारेवरचा इनॅमलचा लेपसुद्धा विंटेज हवा. थोडक्यात काय, १९५० ते १९६० या दहा वर्षांत अमेरिकेतल्या दोन कारखान्यांत (मिशिगनमधल्या कॅलमझूचे गिब्सन आणि कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे फेंडर) जे बनले तो वेद, आणि त्यानंतरचे सगळे एकतर भाष्य नाहीतर पाखंड.

मला हे पटत नाही. 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून द्यावे असे मलाही बरेच दिवस वाटत होते. पण आवड आणि श्रद्धा यांत फरक असतो. आवडीला 'दुसरे काही ऐकून बघ' म्हटले तर ती ऐकते. श्रद्धा ऐकण्याआधीच निकाल देते. आणि ज्या वाद्याचा जन्मच खटपट्या लोकांच्या हातून झाला, त्या वाद्यापुढे आज प्रयोग करणाऱ्याला 'हे खरे नाही' असे ऐकून घ्यावे लागते, हे काही बरे लक्षण नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गिटारशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडे सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी चपटी डबी दिसते तो पिकअप. त्यात चुंबक असते आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही जराशी चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. १८३१ साली मायकेल फॅरडेने जे दाखवले तेच. बस्स, इतकेच. यात जादू नाही. लाकडाचा आत्मा नाही. मिली-व्होल्टमध्ये मोजायची वीज आहे, ती अँप्लिफायरकडे जाते आणि आपल्याला ऐकू येते.

आता 'टोन' म्हणतात तो कुठून येतो? मुख्यतः दोन गोष्टींतून. एक, पिकअप तारेच्या कुठल्या जागेखाली आहे. ब्रिजपासून तारेच्या बरोबर पाव लांबीवर पिकअप बसवला तर मोकळ्या तारेचा चौथा स्वरांश तिथे हलतच नाही, म्हणून तो ऐकूच येत नाही. दोन, त्या हजारो वेढ्यांचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठराविक कंपनसंख्येपाशी आवाजाला उंचवटा देतात आणि त्यापलीकडचे सगळे कापून टाकतात. फेंडरच्या जुन्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण सव्वादोन ते अडीच हेन्री, गिब्सनच्या हंबकरचा चार ते साडेचार. नेहमीची पाच मीटरची केबल जोडली की पहिल्याचा उंचवटा ४००० हर्ट्झच्या थोडा वर येतो, दुसऱ्याचा ३००० च्या आसपास. एक 'चमचमीत' आणि दुसरा 'जाडसर' का वाटतो, याचे अर्धेअधिक उत्तर एवढ्यात संपले. गंमत म्हणजे फेंडरला दहा मीटरची केबल लावली तर त्याचा उंचवटा घसरत ३००० पाशी, म्हणजे हंबकरच्या गावाला येऊन पोचतो! पन्नास सालच्या इनॅमलवर रात्र रात्र वाद घालणारा माणूस केबल किती लांब आहे हे मात्र कधी मोजत नाही.

असो. आता मूळ मुद्दा. ज्याला परंपरा म्हणून पूजायचे ते नेमके काय आहे, हे जरा तपासून पाहू.

जॉर्ज बोशाँ नावाचा एक वादक होता. त्याने १९३१ च्या सुमारास घरच्या जेवणाच्या टेबलावर खटपट करून पहिला उपयोगी पिकअप बनवला. वेढे घालायला त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली असे सांगतात. त्याचा मदतनीस पॉल बार्थ म्हणायचा की शिलाई मशीनची. काही असो, मोटर घरातलीच होती. अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकरच्या मदतीने १९३२ साली ही गिटार बाजारात आली. अ‍ॅल्युमिनियमची, ओतीव आणि दिसायला इतकी तव्यासारखी की तिचे नावच 'फ्राइंग पॅन' पडले. पेटंट मिळाले १९३७ साली. तिच्यात घोड्याच्या नालेच्या आकाराची दोन चुंबके होती आणि तारा त्यांच्या पोटातून जात. म्हणजे चुंबक तारांच्या खालीही आणि वरही. परंपरेचाच आग्रह धरायचा तर मूळ परंपरा ही आहे. पण नालेच्या पोटातून तारा ओवलेला पिकअप हवा म्हणून हटून बसलेला विंटेजवाला मला अजून भेटलेला नाही. कारण परंपरा 'मूळ' असावी असा आग्रह नसतोच, ती आपल्या आवडत्या रेकॉर्डवरची असावी एवढाच असतो.

पुढे १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन कॉइल उलट-सुलट जोडून विजेचा घूं-घूं आवाज मारणाऱ्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. १९५७ पासून हे पिकअप गिटारमध्ये बसू लागले. पेटंट मिळायला १९५९ उजाडले, तोवर खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असे. ती चिठ्ठी असलेले पिकअप आज सोन्यासारखे जपतात. त्यांचे वैशिष्ट्य काय? तर कारखान्यात वेढ्यांची संख्या काटेकोर मोजली जात नव्हती, त्यामुळे कुठल्या कॉइलवर जास्त, कुठल्या कॉइलवर कमी. चुंबकाच्या जातीही हाताला येतील त्या. मधल्या काळात काळे प्लॅस्टिक कमी पडले म्हणून काही कॉइलची रिळे पिवळट पांढरी आली. आज त्या पांढऱ्या रिळांच्या पिकअपला काळ्यापेक्षा जास्त भाव आहे. रीळ धातूच्या झाकणाखाली! दिसतसुद्धा नाही, आणि रंग ऐकू येतो म्हणे! :-) दुकानात माल कमी पडला म्हणून वाण्याने साखरेऐवजी गूळ बांधून दिला आणि सत्तर वर्षांनी लोक त्या कागदाच्या पुडीला हळदकुंकू वाहताहेत, असा हा प्रकार.

फेंडरचे तर त्याहून मजेदार. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा गिटारची तिसरी तार गुंडाळलेली, म्हणजे आत बारीक पोलाद आणि वर वेष्टण अशी असे. ती चुंबकाला कमी भावते म्हणून तिच्याखालचा चुंबकाचा खांब उंच ठेवला होता. अगदी शहाणपणाचा निर्णय. पण साठच्या दशकात हलक्या तारांचे संच आले आणि तिसरी तार साधी, जाड पोलादाची झाली. ती मुळातच जोरात बोलते. तिच्याखाली उंच खांब ठेवणे म्हणजे आधीच मोठ्या आवाजात बोलणाऱ्याच्या हातात माईक देणे. तरीही आज 'विंटेज खांबरचना' म्हणून तीच उंची मिरवत पिकअप विकले जातात आणि लोक हौसेने घेतात. ज्या कारणासाठी रचना केली ते कारण साठ वर्षांपूर्वी गेले. रचना मात्र राहिली. मांजर मेल्यावरही श्राद्धाच्या वेळी टोपलीखाली झाकायला मांजर शोधत फिरण्याची आपली गोष्ट सातासमुद्रापार वेगळ्या वेषात नांदते आहे.

आणखी दोन उदाहरणे देतो आणि मग पुढे जातो. पन्नासच्या दशकात डॅनइलेक्ट्रो या कंपनीच्या नेथन डॅनियलने स्वस्त गिटारसाठी पिकअप बनवले. त्याने लिपस्टिकच्या उरलेल्या धातूच्या नळ्या आणल्या आणि त्यांत चुंबक आणि कॉइल सरकवून दिले. साठच्या दशकातल्या जपानी टाइस्को गिटारचे सोनेरी पत्र्याचे पिकअप असेच स्वस्तातले. दोघांना तेव्हा कोणी गंभीरपणे घेतले नाही. राय कूडरने आपल्या गिटारमध्ये मानेपाशी टाइस्कोचा तो सोनेरी पिकअप आणि ब्रिजपाशी जुन्या लॅप स्टीलचा पिकअप बसवला, त्यातून त्याचा तो ओळखीचा सूर निघाला, आणि मग जगाला साक्षात्कार झाला की अरे, हे तर रत्न! आज लिपस्टिक आणि सोनेरी पत्रा दोन्ही 'विंटेज टोन' म्हणून विकतात. म्हणजे ज्या वेळी तो प्रयोग होता त्या वेळी तो टाकाऊ होता. प्रयोग करणारे थकले, मेले, मग तो वारसा झाला.

यावर विंटेजवाल्यांचे दोन आक्षेप नेहमीचे असतात, आणि ते फुसके नाहीत. त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला : 'एवढ्या नव्या कल्पना आल्या आणि गेल्या, टिकले ते जुनेच. म्हणजे कानांनी निवड केली.' हे ऐकायला ठीक वाटते. पण निवड कुठल्या परिस्थितीत झाली? गिटारचे अँप्लिफायर आणि बारा इंची स्पीकर जुन्या पिकअपच्या सोबतीने वाढले. तो स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे जवळजवळ मुका असतो. अँप्लिफायर पिकअपच्या उणिवा झाकेल असाच बांधलेला असतो. अशा सरंजामात तुम्ही एखादा सपाट, स्वच्छ, १०-१५ हजार हर्ट्झपर्यंत बोलणारा पिकअप जोडला की तो कोरडा, निर्जीव वाटणारच. त्याला जे सांगायचे आहे ते स्पीकर ऐकवतच नाही. नवीन सुनेला जुन्या घरात आणायचे, सासूच्याच डब्यांतले, सासूच्याच मापाचे मीठ-मसाले द्यायचे, आणि मग 'हिच्या हाताला चव नाही' म्हणायचे. याला निवड म्हणत नाहीत. पिकअप बदलायचा तर पुढची सगळी साखळी त्याच्यासोबत विचारात घ्यायला हवी, आणि इतकी तसदी फार थोडे घेतात.

दुसरा आक्षेप : 'आमचे कान तयार आहेत, आम्हाला फरक कळतो.' कळत असेल. मग डोळे झाकून ऐकायला हरकत काय? व्हायोलिनवाल्यांनी हे धाडस केले. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी इटालियन, त्यात दोन स्ट्रॅडिव्हेरियसची. बहुतेकांना जुने कोणते हे सांगता आले नाही, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसलाच. नंतर २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना बारा व्हायोलिने दिली, तेव्हाही सर्वाधिक पसंतीचे व्हायोलिन नवे निघाले. तीनशे वर्षांच्या पुण्याईला ही परीक्षा झेपली नाही, तर सत्तर वर्षांच्या प्लॅस्टिकच्या रिळाने तिला का घाबरावे?

आता मला ज्याचा खरा राग येतो त्या गोष्टीकडे येतो.

जगातल्या सर्वांत पूज्य गिटारवर ज्या माणसाचे नाव आहे, तो लेस पॉल. १९५२ साली त्याच्या नावाची गिटार निघाली. १९५७ ते १९६० मधल्या 'लेस पॉल' गिटार म्हणजे विंटेजवाल्यांचे ज्योतिर्लिंग. पण त्या माणसाला स्वतःला काय हवे होते? त्याला हवे होते लो-इम्पिडन्स पिकअप. हजारो वेढ्यांऐवजी जाड तारेचे थोडे वेढे, म्हणजे केबल कितीही लांब असली तरी आवाज कापला जात नाही, सरळ स्टुडिओच्या यंत्रात जोडता येते. गिब्सनने १९६९ साली 'पर्सनल' आणि 'प्रोफेशनल' आणि १९७१ साली 'रेकॉर्डिंग' ही मॉडेल त्याच्या मताप्रमाणे काढली. ती खपली नाहीत. साध्या अँप्लिफायरला जोडायचे तर ट्रान्सफॉर्मर लागायचा, बटणे भरपूर. पण लेस पॉल स्वतः तशीच गिटार आयुष्यभर वाजवत राहिला. २००९ साली ९४ व्या वर्षी तो गेला. तोवर न्यूयॉर्कच्या क्लबात दर सोमवारी त्याच्या हातात लो-इम्पिडन्स पिकअपच होते. म्हणजे नाव त्याचे, फोटो त्याचा, किंमत त्याच्या नावाची. फक्त तो जे कानीकपाळी ओरडून सांगत होता तेवढे ऐकायचे नाही. संतांच्या पादुका डोक्यावर आणि शिकवण पायदळी, हे आपल्याला नवीन नाही म्हणा.

सेथ लव्हरचेही तेच. ज्याच्या १९५७ च्या पिकअपची वेढ्यागणिक नक्कल होते, तो माणूस १९६७ साली फेंडरमध्ये गेला. तिथे त्याला हंबकर बनवायला सांगितले तेव्हा त्याने स्वतःची नक्कल केली नाही. तांबे, निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे चुंबक घेतले, कारण त्यावर आटे पाडून स्क्रूसारखे वरखाली करता येत होते. सत्तरच्या दशकातल्या टेलिकास्टरवर हे पिकअप आले. वेगळे चुंबक, वेगळी रचना, वेगळा आवाज. स्वतः लव्हर १९५७ मध्ये अडकून पडला नाही. अडकलो आपण.

मग वेगळ्या वाटेने जाणाऱ्यांनी काय केले? थोडी ओळख करून देतो, कारण 'नवीन म्हणजे भपका' अशी समजूत असते.

अ‍ॅलन गिटलरने सत्तरच्या दशकात गिटारचा सांगाडा तेवढा ठेवला. पोलादी कांड्या, लाकूड अजिबात नाही, आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र पिकअप. ती गिटार आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. प्रत्येक तारेचा आवाज वेगळा मिळाला की काय होते? आठवून बघा, आवाज फाडणाऱ्या 'डिस्टॉर्शन'मधून एरवी दोनापेक्षा जास्त स्वर घातले की चिखल होतो, म्हणून रॉकवाले तिसरा स्वर गाळून वाजवतात. सहा तारा वेगवेगळ्या फाडल्या तर पूर्ण कॉर्ड स्वच्छ ऐकू येते. रोलंडच्या १९८० च्या गिटार सिंथेसायझरने नेमके हे केले आणि पॅट मेथेनीने त्यातून असा सूर काढला की तो आजही दोन सेकंदांत ओळखू येतो. पिकअपची रचना बदलली आणि संगीतातली एक अडचणच नाहीशी झाली. हा भपका नव्हे.

लेस या कंपनीच्या 'अ‍ॅल्युमिटोन'मध्ये मुख्य कॉइल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चौकट, एकच वेढा! त्या एका वेढ्यात व्होल्टेज नगण्य पण प्रवाह भरपूर. पुढे छोटा ट्रान्सफॉर्मर त्याचे व्होल्टेज करतो. फिशमनने २०१४ साली 'फ्लुएन्स' पिकअप आणले. त्यात तार गुंडाळणेच नाही, छापील सर्किटचे थर एकावर एक रचलेले, त्यामुळे पहिला नग आणि हजारावा नग सारखाच. प्रकाशाची तिरीप टाकून तारेची सावली वाचणारे पिकअपही झाले. तिथे चुंबकच नाही, त्यामुळे तारेला कोणी ओढत नाही, आणि नायलॉनची तारसुद्धा चालते. (स्ट्रॅटचे चुंबक तारांच्या फार जवळ नेले तर ते तारा ओढतात आणि वरच्या पडद्यांवर स्वर बेसूर होतात, हा जुन्या रचनेचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे, पण वेदात दोष काढायचा नसतो.) आणि फिलिपिन्समधला जोएल द गुझमान हा सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस 'सायक्फाय' नावाने एकेका तारेसाठी छोट्या, लो-इम्पिडन्स कुप्या बनवतो आणि त्या आवाजावर प्रक्रिया करणारी त्याची सॉफ्टवेअर लायब्ररी सर्वांना खुली ठेवतो. कॅलमझू नाही, फुलर्टन नाही. फिलिपिन्स.

पण एका माळेचे मणी मोजताना दुसऱ्या माळेलाही सोडायचे नाही. नव्याचे विक्रेतेही कमी नाहीत. 'क्रांतिकारक' पिकअप म्हणून एक काळी डबी येते, आत काय ते कळू नये म्हणून इपॉक्सी ओतून बंद केलेली. बिघडली की फेकायची. जुन्या पिकअपची तार तुटली तर ती निदान पुन्हा गुंडाळता येते. आलेख नाही, आकडे नाहीत, फक्त विशेषणे. आणि विशेषणांच्या बाबतीत दोन्ही पक्ष सख्खे भाऊ : सायीसारखा, लाकडी, उबदार, काचेसारखा. अहो, पिकअप विकताय की लग्नातला मेनू? इंडक्टन्स सांगा, कपॅसिटन्स सांगा, ठराविक केबलसोबत उंचवटा कुठे आणि किती येतो त्याचा आलेख द्या. रेगेन्सबुर्गच्या मानफ्रेड त्सोल्नर यांनी इलेक्ट्रिक गिटारच्या भौतिकशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. हे सगळे मोजता येते, आणि मोजून झालेले आहे.

आकडा देतात तो एकच. वेढ्यांचा रोध. '८ किलोओहम, म्हणजे हॉट पिकअप.' आता बघा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १० अंशांना जो पिकअप ७.२ किलोओहम दाखवतो, तोच एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना ८ च्या वर दाखवेल. 'हॉट' झाला खरा, पण वेगळ्या अर्थाने. तार जरा बारीक घेतली तरी वेढे तेवढेच राहून रोध वाढतो. या आकड्यावरून आवाज ठरवणे म्हणजे पुस्तक वजनावरून विकत घेणे.

हे सगळे आपल्याला कशाला, असे कोणी विचारेल. संबंध आहे, आणि जवळचा आहे. बोशाँची ती पहिली तव्याची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी हिंदी चित्रपटगीते जिच्यावर वाजवली ती याच कुळातली. तेव्हा आपल्या वादकांनी 'विंटेज' विचारले नव्हते. मीड घेता येते, गळ्याच्या जवळ जाता येते, एवढे त्यांनी पाहिले आणि वाद्य आपले केले. तंबोऱ्याच्या जवारीचेच घ्या ना. ब्रिजच्या घोटाईवर कोणते स्वरांश उठतील ते ठरते, म्हणजे पिकअपचा उंचवटा जे काम करतो तेच काम तिथे ब्रिज करतो. पण जवारी खुली हवी की बंद, हे गवयाच्या गळ्यावर ठरते, आणि ती झिजली की पुन्हा लावून घ्यायची असते. अमुक सालची जवारी हीच अंतिम, असे मिरजेत कोणी म्हणाले तर लोक हसतील.

आज मात्र आपल्याकडचा कॉलेजातला मुलगा पहिली गिटार घेतो आणि सहा महिन्यांत त्याच्या डोक्यात भरवले जाते की तुझा आवाज वाईट येतो कारण तुझे पिकअप 'तसले' नाहीत. 'तसल्या' पिकअपची जोडी परदेशातून मागवली तर ती त्याच्या आख्ख्या गिटारपेक्षा महाग पडते. तो पैसे साठवतो. रियाज करायच्या वयात तो किमती बघत बसतो. माझ्या मते या श्रद्धेने केलेले सर्वांत मोठे नुकसान हे. सूर ही विकत घ्यायची गोष्ट आहे, आणि ती दुसरीकडेच बनते, ही दोन्ही वाक्ये त्याच्या मनात एकदमच पक्की होतात.

आणि हे अशा देशात, जिथे प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे! वेढे कसे घालायचे, इनॅमल कसे सोलायचे, कॉइल वार्निशमध्ये का बुडवायची, हे त्या दुकानातल्या पोराला झोपेत विचारले तरी सांगेल. पिकअपची तार त्यापेक्षा फार बारीक, आपल्या मापात साधारण ४६ गेजची, एवढाच फरक. मी स्वतः शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर वेढे घालतो. मोजायला साधा कॅल्क्युलेटर : 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच जोडायचा, चाकावर छोटे चुंबक चिकटवायचे, एक अधिक एक दाबून ठेवायचे, की चाकाच्या दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. बारीक तार तुटण्याचा वैताग नको असेल तर लेस पॉलच्या वाटेने जा : जाड तारेचे काहीशे वेढे आणि माईकचा ट्रान्सफॉर्मर. किंवा त्याहून सोपे, चुंबकाभोवती तांब्याच्या पट्टीचा एकच वेढा घ्या आणि तो वीजमीटरमध्ये असतो तसल्या छोट्या करंट ट्रान्सफॉर्मरमधून ओवा. आवाज बारीक येतो, माईकच्या इनपुटला जोडावा लागतो, पण येतो तो इतका मोकळा की तारेवर नख घासल्याचेही ऐकू येते. असा एक पिकअप बसवलेली गिटार मी एका दुकानात दाखवली, तेव्हा तिथल्या जाणत्या माणसाने झाकण उघडून पट्टी पाहिली आणि 'हा पिकअप नाही' म्हणाला. जोडून ऐकायला मात्र तयार झाला नाही. यावर मी काय बोलणार?

शिवाय आपल्या गरजा वेगळ्या आहेत. जुन्या वाड्यातले अर्थिंग, ट्यूबलाइटचे चोक, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्या संगतीत फेंडरचा तो पवित्र सिंगल कॉइल मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणतो. घरात न गुणगुणणारा पिकअप हवा, ही आपली खरी अडचण. ती कॅलमझूच्या १९५७ च्या वहीत पूर्ण सुटलेली नाही. बोटाने मीड घेणाऱ्याला, सरोदच्या अंगाने वाजवणाऱ्याला, नायलॉनच्या तारा लावणाऱ्याला काय हवे, हेही तिथे कोणी विचारलेले नव्हते. विचारायचे कामच नव्हते त्यांचे. ते आपले आहे.

जुने पिकअप वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्याला तो आवाज हवा त्याने खुशाल वाजवावा, मीही वाजवतो. फक्त तो एक आवाज आहे, मोजमाप नव्हे, हे लक्षात ठेवावे. आणि एखादा पोरगा लिपस्टिकच्या नळीत, पाइपच्या तुकड्यात किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत काहीतरी गुंडाळून आणेल तेव्हा त्याला आधी जोडायला केबल द्यावी, डोळे मिटून ऐकावे, आणि मग काय बोलायचे ते बोलावे. तेवढे जमत नसेल तर पुढच्या वेळी कोणी 'विंटेज टोन' म्हणाला की मी त्याला एवढेच विचारणार आहे : किती हेन्री, आणि केबल किती मीटर?